ड्राफ्ट राहिले जुन्या फोनात

नवा फोन घेतला, लॉग-इन केलं, सगळं जागच्या जागी आहे आणि फक्त ड्राफ्ट गायब, अशा तक्रारींची पत्रं बरीच साठली होती. त्यातली निवडक आज घेतो. काही पत्रं लांबलचक होती, त्यांतला मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : नव्या फोनवर इन्स्टाग्राम उघडलं. फॉलोअर, मेसेज, जुन्या रील्स, सगळं आलं. पण अर्धवट ठेवलेले जवळजवळ चाळीस ड्राफ्ट दिसत नाहीत. जुना फोन अजून माझ्याकडेच आहे. अकाउंट तेच असताना असं का व्हावं?

जुना फोन घरातच आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तो रीसेट करू नका, त्यातलं अ‍ॅप काढू नका, आणि निदान आठवडाभर तरी तो कुणाला देऊन टाकू नका.

तुमच्या रील्स आणि मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर असतात, म्हणून लॉग-इन करताच कुठेही दिसतात. ड्राफ्ट मात्र तुम्ही अजून पाठवलेलाच नसतो. तो ज्या फोनवर बनवला त्या फोनच्या पोटात राहतो. टिकटॉकचे ड्राफ्टही असेच फोनमध्येच असतात.

शिवाय ड्राफ्ट म्हणजे तयार व्हिडिओ नव्हे. शिंप्याच्या टेबलावर बेतून, टाचण्या लावून ठेवलेलं कापड असतं ना, तसा तो असतो. कुठली क्लिप कितव्या सेकंदापासून घ्यायची, अक्षरं कधी उमटायची, गाण्याचा कुठला तुकडा वाजायचा, याची एक यादी आणि सोबत कच्च्या क्लिपा. ही यादी ते अ‍ॅपच वाचू शकतं. बाकी कुणाला तिचा उपयोग नाही.

‘पण फोन बदलताना मी सगळा डेटा ट्रान्स्फर केला होता,’ असंही तुम्ही लिहिलं आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची कुलूपबंद खोली असते. दुसऱ्या अ‍ॅपला तिथे प्रवेश नाही. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून तर फाइल मॅनेजरलाही अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये पूर्वीसारखं डोकावता येत नाही. गूगलच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये एका अ‍ॅपच्या वाट्याला फक्त २५ एमबी येतात. आता हिशेब करा : आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की १०८० पिक्सेलचा, सेकंदाला ३० फ्रेमचा एक मिनिट व्हिडिओ साधारण ६० एमबी खातो. म्हणजे मिनिटभराचा एक ड्राफ्टसुद्धा त्या २५ एमबीत मावायचा नाही, चाळीस तर सोडाच.

तेव्हा उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा आहे. जुन्या फोनवर एकेक ड्राफ्ट उघडायचा आणि एडिटिंगच्या स्क्रीनवर खाली जाणारा बाण दिसतो तो दाबून व्हिडिओ गॅलरीत उतरवून घ्यायचा. आधी चाळिसांतून निवड करा. माझा अनुभव असा की ‘कधीतरी पूर्ण करू’ म्हणून ठेवलेल्यांपैकी निम्मे बघून आपणच म्हणतो, हे कशाला केलं होतं बरं! उरलेल्यांसाठी फोनमध्ये जागा मोकळी करा आणि चार्जर लावूनच बसा.

उतरवलेला प्रत्येक व्हिडिओ गॅलरीतून, शेवटच्या सेकंदापर्यंत, आवाज चालू ठेवून बघा. एकदा मी बारा व्हिडिओ भराभर उतरवले, गॅलरीत बारा चौकोन मोजले आणि निर्धास्तपणे जुना फोन पुसून टाकला. नंतर पाहतो तर त्यातले तीन मध्येच गोठलेले. एक माणूस तोंड उघडून तसाच थांबलेला, आणि खाली वेळ मात्र पुढे सरकतेय. चूक माझीच. चौकोन मोजले, व्हिडिओ बघितले नाहीत.

प्रश्न : तुम्ही सांगता तसे ड्राफ्ट गॅलरीत उतरवले, पण गाणंच नाही! व्हिडिओ मुका. मी नृत्य करते, गाण्याशिवाय त्याला काय अर्थ?

फोन बिघडलेला नाही, हे आधी सांगतो. अ‍ॅपच्या लायब्ररीतलं गाणं वापरायची परवानगी कंपनीने संगीत कंपन्यांकडून घेतलेली असते, आणि ती त्या अ‍ॅपपुरती असते. व्हिडिओ पोस्ट न करता बाहेर काढला की गाणं बहुधा आतच राहतं. तुम्ही स्वतः दिलेला आवाज किंवा क्लिपमधला मूळ आवाज सहसा येतो.

तुमच्यासाठी रस्ता असा. मुकी प्रत उतरवा. मग जुन्या फोनवर तोच ड्राफ्ट उघडून गाण्याच्या नावावर बोट ठेवा आणि गाण्याचा कुठला भाग निवडला आहे ते बघून वहीत टिपा : गाणं कुठलं, कितव्या सेकंदापासून, व्हिडिओत कुठल्या क्षणी सुरू. त्या ऑडिओच्या पानावर जाऊन तो ‘सेव्ह’ करून ठेवा. सेव्ह केलेले ऑडिओ अकाउंटला चिकटतात, म्हणून नव्या फोनवरही सापडतात. मग नव्या फोनवर मुका व्हिडिओ घ्यायचा, तेच गाणं लावायचं आणि पट्टी सरकवत ताल जुळवायचा. नर्तकाला हे जमतं. मला तासभर लागतो.

ताल जुळवण्यासाठी एक युक्ती : ड्राफ्ट चालू असताना जुन्या फोनवर आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग करून घ्या. ते पोस्ट करण्यासाठी नाही, फक्त समोर ठेवून मिळवून बघण्यासाठी. आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, नाहीतर ऐन गिरकीवर कुणाचा तरी मेसेज वर येऊन बसतो. स्क्रीन रेकॉर्डिंगच पोस्ट करायचा मोह होईल, पण चित्र फुसकं दिसतं आणि गाण्याच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

आणखी एक. अक्षरं, स्टिकर, फिल्टर या उतरवलेल्या प्रतीत पक्के भाजले गेलेले असतात, नंतर बदलता येत नाहीत. मजकुरात चूक असेल तर ती जुन्या फोनवरच, उतरवण्याआधी सुधारा.

प्रश्न : मी आयफोनवरून आयफोनवर जातोय. मलाही हा सगळा उपद्व्याप करावा लागेल का?

तुमचं नशीब थोडं बरं आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवून थेट ट्रान्स्फर केलं, किंवा पूर्ण आयक्लाउड बॅकअप नव्या फोनवर उतरवला, तर अ‍ॅपचा साठाही बरोबर येतो, आणि त्यातून ड्राफ्ट बऱ्याचदा येतात. ‘बऱ्याचदा’ म्हणतो, कारण अ‍ॅपने ज्या वस्तू तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे ‘कॅश’मध्ये, ठेवल्या असतील त्या बॅकअपमध्ये धरल्या जात नाहीत. ड्राफ्ट यादीत दिसतो, उघडल्यावर काळा पडदा, असंही होतं.

आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबीच आहे म्हणून अडू नका. नव्या आयफोनवर जाण्यासाठी अ‍ॅपल तात्पुरती जास्तीची जागा देतं, २१ दिवसांसाठी. सेटिंगमध्ये ‘ट्रान्स्फर ऑर रीसेट आयफोन’ या सदरात ती सोय मिळते. नवा फोन ‘नव्याने’ सुरू करून नुसतं लॉग-इन केलंत तर मात्र ड्राफ्ट येणार नाहीत. आणि महत्त्वाचे चार-पाच व्हिडिओ तरी आधी गॅलरीत उतरवाच.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्या वाचकांनीही विचारलं आहे : ‘मूव्ह टू आयओएस’ या अ‍ॅपलच्या अ‍ॅपने फोटो, व्हिडिओ, संपर्क, मेसेज जातात. इन्स्टाग्रामच्या पोटातले ड्राफ्ट जात नाहीत.

प्रश्न : जुन्या फोनची स्क्रीन फुटली. फोन चालू होतो, रिंग वाजते, पण टच अजिबात चालत नाही. ड्राफ्ट आतच आहेत.

चित्र दिसत असेल तर अँड्रॉइड फोनला ओटीजी अडॅप्टर (फोनच्या चार्जिंगच्या खाचेत यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) लावून संगणकाचा साधा माउस जोडून बघा. पडद्यावर बाण उमटतो आणि बोटाचं काम माउस करतो. पासवर्डसुद्धा त्यानेच टाकता येतो. चित्रच दिसत नसेल तर स्क्रीन बदलणं हाच सरळ मार्ग. स्क्रीन बदलल्याने आतला डेटा जात नाही. दुरुस्तीला देताना मात्र ‘डेटा पुसायचा नाही, रीसेट करायचं नाही’ हे तोंडी सांगू नका, पावतीवर लिहून घ्या.

प्रश्न : अ‍ॅप अडकत होतं म्हणून काढून परत टाकलं. सगळे ड्राफ्ट गेले. रिकव्हरीचं एखादं चांगलं सॉफ्टवेअर सुचवा.

सुचवत नाही, कारण पैसे घेऊन हाती काही न देणारीच जास्त आहेत. आजच्या फोनमधला साठा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतो. अ‍ॅपबरोबर पुसलेलं सहसा हाती लागत नाही. ड्राफ्ट गेले असं धरून चला आणि कच्च्या क्लिपांमागे लागा, पण आजच. आयफोनमध्ये डिलीट केलेल्या क्लिपा ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस राहतात. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेल्या ६० दिवस, न झालेल्या ३० दिवस. अ‍ॅपच्या कॅमेऱ्यानेच शूट केलं असेल तर गॅलरीत काही सापडायची शक्यता कमी.

पुढच्या वेळी अ‍ॅप अडकलं तर आधी फोन बंद करून चालू करा. अँड्रॉइडवर ‘क्लिअर स्टोरेज’ला हात लावू नका, त्याने ड्राफ्ट जातात. आयफोनवर ‘ऑफलोड अ‍ॅप’ केलं तर अ‍ॅप जातं पण त्याचा साठा राहतो. ‘डिलीट अ‍ॅप’ने दोन्ही जातात.

प्रश्न : जुन्या फोनवरून नव्यावर व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेले व्हिडिओ धूसर का दिसतात?

व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. त्याहून सोपं म्हणजे अँड्रॉइडचं क्विक शेअर, आयफोनचं एअरड्रॉप किंवा सरळ केबल.

प्रश्न : व्हिडिओ यूट्यूबवर ‘प्रायव्हेट’ करून चढवून ठेवला तर? फोन बदलायची कटकटच नको.

दिसायला सुरक्षित राहतो, खरंच. फोन हरवला तरी व्हिडिओ सर्व्हरवर असतो आणि हवा तेव्हा तिथूनच पब्लिक करता येतो. पण तो परत उतरवून एडिट करायचा बेत असेल तर थांबा : यूट्यूब स्टुडिओतून उतरवलेली प्रत फार तर ७२० पिक्सेलची मिळते. मूळ फाइल गूगल ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर वेगळी ठेवा.

प्रश्न : माझी दोन अकाउंटं आहेत. फोन तोच आहे, अ‍ॅपही काढलेलं नाही, तरी ड्राफ्ट दिसेनात.

दुसऱ्या अकाउंटवर जाऊन बघितलंत का? ज्या अकाउंटवरून बनवला त्याच अकाउंटखाली तो सापडेल.