मुलगा आठवीत आहे, शाळेने शिस्तीच्या नियमांचा कन्नड कागद सहीला पाठवलाय. सही करू का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी हायस्कूलमध्ये यंदा आठवीत गेला. शाळेने शिस्तीच्या नियमांचा कागद घरी पाठवला, तो सगळा कन्नडमध्ये. मुलाने अडखळत वाचून दाखवलं, त्यात 'तीनदा नियम मोडल्यास टीसी देऊन काढण्यात येईल' असं आहे. टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो दोनदा उशिरा पोचला, दोन्ही वेळा त्याला गेटबाहेर उभं केलं. आता सही केली तर अडकू का, आणि नाही केली तर मुलावर राग निघेल का, हे तुम्ही विचारलंय.

मी याच भागात २९ वर्षं हायस्कूलला शिकवलं, त्यातली शेवटची काही हेडमास्तर म्हणून. आधी सरळ उत्तर देतो: आठवीतल्या मुलाला शाळा काढू शकत नाही. तुम्ही सही केली असली तरी नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १६ सांगतं की प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. प्राथमिक म्हणजे पहिली ते आठवी, हे त्याच कायद्यात लिहिलंय. आपल्या कर्नाटकात गोंधळ होतो तो इथेच. आपल्याकडे गावातली शाळा बहुतेक सातवीपर्यंत असते आणि आठवीला मूल हायस्कूलला जातं. त्यामुळे हायस्कूलच्या शिक्षकांना प्रामाणिकपणे वाटत असतं की हा कायदा खालच्या शाळेचा, आपला त्याच्याशी संबंध नाही. मीही काही वर्षं असंच समजत होतो. पण इमारत बदलली म्हणून आठवीचं मूल कायद्याबाहेर जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, तेव्हापासून 'तो नियम गेला की आता' असं लोक म्हणतात. गेला तो नापास न करण्याचा. काढून टाकायची मनाई तशीच आहे.

कलम १७ मारण्याबद्दलचं आहे. अंगाला शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही. छडी, ओणवं करणं, कान धरून उठाबशा हे तर आलंच. वर्गासमोर घरच्या गरिबीवरून किंवा जातीवरून बोलणं, टोपणनाव पाडणं हेसुद्धा त्यात येतं. आमच्याकडे पालकच शाळेत येऊन 'सर, मारा पण शिकवा' म्हणतात. पालकांनी परवानगी दिली म्हणून मारायचा हक्क मिळत नाही. मुलाचं अंग तुमच्या-माझ्या परवानगीवर सोडलेलंच नाही.

आता गेटबाहेर उभं करण्याविषयी. मला इथे थांबून बोलायचंय, कारण हे मी स्वतः केलंय.

तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका हायस्कूलमध्ये होतो. प्रार्थनेची घंटा झाली की गेट बंद, उशिरा आलेली मुलं पहिला तास संपेपर्यंत बाहेर, असा नियम मी लावला होता. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुलैत एका सकाळी अकरा मुलं बाहेर, दप्तरावर प्लास्टिक, अंगावर फाटकी इरली. मी विचारलं, रोज तुम्हीच कसे? एक मुलगी म्हणाली, 'सर, आम्ही वेळेत येतो की. बसच येत नाही.' मी तिला उलट बोलते म्हणून दटावलं. त्या आठवड्यात मला त्या बाजूच्या एका वाडीवर जायचं काम निघालं, तेव्हा मी सकाळी फाट्यावर उभा राहिलो. ती अकरा मुलं माझ्या आधी तिथे होती. त्यातली चार जंगलातून तीन किलोमीटर चालून आलेली. बस पन्नास मिनिटं उशिरा आली, आणि कंडक्टर म्हणाला, पावसाळ्यात हे रोजचंच.

म्हणजे शाळेत सगळ्यात लवकर घर सोडणारी मुलं मी रोज बाहेर उभी करत होतो. त्या दिवशी परत येताना बसमध्ये मला त्या मुलीकडे बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांसमोर मी तिची माफी मागितली. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, सहीने बस डेपोला पत्र दिलं, दोनदा जाऊन भेटलो, आणि बसची वेळ सुधारेपर्यंत त्या मुलांची हजेरी वेगळ्या वहीत आल्यावर घेत होतो. वर्गात घुसताना कुणी त्यांना काही विचारायचं नाही, एवढंच शिक्षकांना सांगितलं.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती अशी की, मुलगा दोनदा का उशिरा पोचला ते त्याला शांतपणे विचारा. बस असेल तर तो त्याचा दोष नाही आणि तसं शाळेला लेखी कळवा. रात्री मोबाइल बघत जागला असेल तर तो दोष घरात सुधारायचा आहे, आणि तेही शाळेला मोकळेपणी सांगा. आणि तो बाहेर उभा असताना पावसात होता का, रस्त्यावर होता का, हेही विचारा. शाळेच्या वेळेत मुलाची जबाबदारी शाळेची असते. गेटबाहेर ठेवलेलं मूल कुणाच्याच नजरेखाली नसतं.

आता कागद. कागदाला नाही म्हणू नका, पण न वाचता सहीही करू नका. शाळेत जा, सोबत अजून दोन-चार पालकांना घ्या, आणि हेडमास्तरांना सांगा, 'सर, आम्हाला हे मराठीत वाचून दाखवा.' मराठी शाळेत, मराठी पालकांना, मराठी शिक्षकांनी कन्नड कागद पाठवायचा, यात वाईट हेतू बहुतेक नसतो. खात्याची परिपत्रकं कन्नडमध्ये येतात, त्यावरून कुणीतरी उतरवून काढलेलं असतं. मूल कन्नड शिकतंय हे चांगलंच आहे, त्याला ते आलंच पाहिजे. पण ज्या नियमाखाली आईने सही करायची तो आईला समजला पाहिजे. न समजलेल्या नियमावर सही घेऊन शिस्त येत नाही, फक्त फाईल पुरी होते.

वाचून दाखवताना प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारा: हा मोडला तर पुढे नक्की काय? पहिल्यांदा काय, दुसऱ्यांदा काय, आम्हाला कधी कळवणार? गणवेश, वेळ, गृहपाठ, केस, मारामारी, यावर शाळेने नियम करणं अगदी रास्त आहे आणि ते पाळायलाच हवेत. मोबाइल काढून घेतला तर तो पालकाच्या हातात परत द्यावा आणि कधी देणार ते लिहावं. पैशाचा दंड लिहिला असेल तर कुठल्या आदेशाने ते विचारा. मी माझ्या शाळेत कधी घेतला नाही, कारण तो मूल भरत नाही, त्याची आई भरते. टीसीच्या वाक्याबद्दल नम्रपणे सांगा की आठवीला हे लागू होत नाही, ते खोडून द्या, बाकीवर आम्ही सही करतो. खोडलं नाही तर सहीखाली मराठीत लिहा, 'टीसीची अट मान्य नाही', तारीख टाका आणि फोटो काढून ठेवा.

'तुम्हीच टीसीसाठी अर्ज द्या' असं सांगून गळ्यात मारायची एक पद्धत असते, तिच्यापासून मात्र सावध राहा. अर्ज तुम्ही दिला की कागदावर मूल तुमच्या मर्जीने गेलेलं दिसतं. दुसरी शाळा खरोखर हवी असेल तेव्हाच द्या.

पुढच्या वर्षी तो नववीत जाईल तेव्हा कलम १६ चं छत्र राहत नाही. मारण्याची सूट मात्र तेव्हाही नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे, अठरा वर्षांखालच्या मुलाला ज्याच्या ताब्यात सोपवलंय त्यानेच मारहाण किंवा छळ केला तर तो गुन्हा आहे. आणि दहावीला एसएसएलसीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, ती शाळेलाही सोडता येत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. रोप लावणीला आठ दिवस, गणपतीला दहा, गावच्या यात्रेला चार, मावशीकडच्या लग्नाला तीन, अशी मुलं आपणच घरी ठेवतो आणि मार्चमध्ये शाळेवर रागावतो. लावणीला हात कमी पडतात हे मला माहीत आहे, माझ्या घरी शेती आहे. तरी दहावीच्या वर्षी मुलाला बांधावर नेऊ नका.

बोलून मिटलं नाही तर बीईओ ऑफिसला, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज मराठीत देता येतो. गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या भाषेत मांडायचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिलाय. पण काम लवकर व्हावं म्हणून मी नेहमी कन्नड प्रत सोबत जोडायला सांगतो, मुलाच्या कन्नड शिक्षकांकडून लिहून घेतली तरी चालते. तिथेही दाद लागली नाही तर खानापूरकरांनी बेळगावच्या शिक्षण उपनिर्देशकांकडे जायचं. निपाणी-चिक्कोडीकडच्या वाचकांनी चिक्कोडीला, तो वेगळा शैक्षणिक जिल्हा आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील आहे. मुलाला मार बसला असेल तर एवढं थांबू नका, १०९८ वर फोन करा.

राग निघेल ही तुमची भीती खरी आहे, ती मी खोटी म्हणणार नाही. एकट्या आईवर राग निघतो. पाच पालक एकत्र बसले की हेडमास्तर चहा मागवतात, हे मी खुर्चीच्या त्या बाजूने बघितलंय. म्हणून एकट्या जाऊ नका. शक्यतो शनिवारी जा, सकाळची शाळा सुटल्यावर सगळ्यांना वेळ असतो.

तोवर शाळेचं आणि मुलाचं नाव झाकून त्या कागदाचा फोटो इथे टाका. मी ओळ न् ओळ मराठी करून देतो, म्हणजे जाताना तुमच्या हातात तो असेल.