बत्तीसचं रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल?

दादा, तुम्ही विचारलंय की लायसन्स आलंय, कपड्याखाली मावेल असं काय घेऊ आणि ९ एमएम मिळेल का. ९ एमएम विसरा, ते आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं बंदी असलेलं माप) आहे, म्हणून साध्या लायसन्सवर बहुतेक लोकं .३२ च घेतात.

आता गोळ्या. आपल्याकडेच बनणाऱ्या .३२ च्या निर्भीक रिव्हॉल्व्हरात ६ बसतात, वजन साधारण अर्धा किलो, तशाच .३२ च्या अशनी पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या खोक्यात) ८. मी म्हणेन २ गोळ्यांच्या फरकावर निर्णय घेऊच नका, कंबरेला काय बसते ते पाहा, कारण नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीत पातळ सुती शर्टाखाली रिव्हॉल्व्हरचा गोळ्या बसतात तो गोल सिलिंडर लगेच उठून दिसते, पिस्तूल चपटं असल्यानं अंगाला चिकटून राहते. पण पिस्तुलात गोळी अडकली तर ती काढायची सवय हाताला पाहिजे, रिव्हॉल्व्हरात गोळी नाही सुटली तर ट्रिगर पुन्हा ओढला की पुढची येते. महिन्यातून एकदाही नेमबाजीच्या रेंजवर जाणं होत नसेल तर डोळे मिटून रिव्हॉल्व्हर घ्या.

एक गोष्ट नक्की बघा, दोन्हीला .३२ म्हणतात पण काडतूस वेगळं, रिव्हॉल्व्हरचं लांब आणि पिस्तुलाचं आखूड, दुकानात डबी उघडून हातात घेऊन तपासा.

आणि होल्स्टरशिवाय (शस्त्राच्या म्यानाशिवाय) खिशात टाकून फिरू नका, २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक जागी होल्स्टर आणि पूर्ण झाकलेलं, दोन्ही लागते. घामानं गंज धरते, रोज रात्री पुसून तेलाचा हात फिरवत जा.