रडीचा डाव नव्हता, तरीही

लेस्टर,
मंगळवार रात्र

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री उशिरा आलेला तुझा मेसेज मी तीनदा वाचला. वॉरहॅमर 40,000, म्हणजे रंगवलेल्या छोट्या मॉडेल्सच्या आपल्या युद्धखेळाच्या स्पर्धेत तू पाचपैकी तीन गेम जिंकलास (प्रत्येक राउंडला एक गेम), आणि घरी जाताना बसमध्ये तुला बरं वाटत नव्हतं. शेवटी विचारलंस, ‘‘काका, चौथ्या राउंडला मी नियमाने बरोबर होतो ना?’’

होतास. अगदी बरोबर होतास. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू स्वतःचा बचाव न करता वाचशील.

पण सुरुवात दुसऱ्या राउंडपासून करतो, कारण शनिवारी दुपारी मी तुझ्या शेजारच्याच टेबलावर खेळत होतो आणि तुझा आवाज मला ऐकू येत होता. तुझे सॅन्ग्विनरी गार्ड आणि जंप पॅकवाले, उडणाऱ्या सैनिकांची ही दोन्ही युनिट आकाशातून उतरली, चार्जसाठी, म्हणजे शत्रूवर धावून भिडण्यासाठी, दोन्हींना दोन फाशांवर नऊ हवे होते, आणि दोन्ही चार्ज फसले. त्यानंतर तासभर तू फक्त फाशांबद्दल बोलत होतास. डाव संपल्यावर हात मिळवलास तोही न बघता. समोरचा मुलगा तुझ्याच वयाचा होता. त्याने आपले रणगाडे नेमके कुठे उभे केले आणि तुला उतरायला टेबलावर किती कमी जागा ठेवली, त्याबद्दल तुझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. तो डाव त्याने जिंकला होता. तू मात्र सगळं श्रेय फाशांना देऊन मोकळा झालास.

आता आकडे बघ. दोन फाशांवर नऊ किंवा जास्त पडण्याचे प्रकार छत्तीसपैकी दहा. म्हणजे एक चार्ज लागण्याची शक्यता साधारण 28 टक्के, आणि दोन्ही फसण्याची 52 टक्के. तुझ्या बाबतीत जे घडलं तेच घडण्याची शक्यता जास्त होती. याला वाईट नशीब म्हणत नाहीत. तू निम्म्याहून कमी शक्यतेवर सगळा डाव लावलास आणि दान पडलं नाही तेव्हा चिडलास. त्याच टर्नला, थोडं आधी, शूटिंगमध्ये तू शेवटचा कमांड पॉइंट (ज्याच्या बदल्यात फासे पुन्हा टाकता येतात) एका किरकोळ री-रोलवर घालवलास, मी पाहिलं. तो चार्जसाठी राखला असतास तर 52 टक्क्यांचे 38 झाले असते. ‘फासे वाईट पडले’ म्हणून तू थांबलास, त्यामुळे हा कमांड पॉइंट तुला दिसलाच नाही. तीस फासे टाकून प्रत्येकावर तीन किंवा वर हवं असेल तर वीसच्या आसपास फासे साधतात, पण पंधरा किंवा त्याहून कमी साधण्याची वेळही शंभरात चारदा येते. दोन दिवसांत पाच गेम खेळणारा माणूस असे किती फासे टाकतो? ती वेळ येणारच. ती येईल हे धरूनच आपण टेबलावर माणसं मांडायची असतात.

आता चौथा राउंड. माझा डाव लवकर संपला होता म्हणून मी तुझ्या मागे येऊन उभा राहिलो. समोर ते नेक्रॉनवाले (यंत्रमानवांची आर्मी खेळणारे) गृहस्थ, पन्नाशीच्या पुढचे, चष्मा सारखा वर-खाली करणारे. तिसरा टर्न. रिझर्व्हमधलं, म्हणजे टेबलाबाहेर राखलेलं, त्यांचं पाच जणांचं युनिट त्याच टर्नला आणायला हवं होतं, नाहीतर ते मेलेलं धरतात. त्यांनी ‘शूटिंग’ म्हटलं, फासे हातात घेतले, आणि टाकण्याआधीच त्यांना आठवलं. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, मूव्हमेंट संपली, म्हणजे युनिट आणायची वेळ गेली. त्यांनी वाद घातला नाही, जजला बोलावलं नाही. ती पाच मॉडेल्स उचलून ट्रेमध्ये ठेवली आणि पुढे खेळत राहिले. तू 74–71 ने जिंकलास.

रडीचा डाव म्हणतात तो हा नव्हता. लहानपणी गल्लीत कुणी आउट होऊनही बॅट सोडत नसे, त्याला आपण रडीचा डाव म्हणायचो. तू काही लपवलं नाहीस, काही खोटं मोजलं नाहीस. मग बसमध्ये तुला टोचलं ते काय? मला वाटतं, तुला शनिवारची सकाळ आठवली असणार. पहिल्या राउंडला तू कमांड फेजमध्ये, म्हणजे टर्नच्या सुरुवातीला, सेकंडरीची (जादा पॉइंट देणाऱ्या उद्दिष्टांची) कार्डं काढायला विसरलास, दोन युनिट हलवलीस, मग आठवलं. समोरच्या ऑर्कवाल्या बाईंनी हसून मान हलवली आणि तू कार्डं काढलीस. ते तुला इतकं साहजिक वाटलं की तू मला सांगितलंही नाहीस. मला ते त्यांच्याकडून कळलं. तेही तक्रार म्हणून नव्हे. ‘‘तुमचा पोरगा फार घाबरलेला होता, मी म्हटलं घे,’’ असं त्या चहाच्या रांगेत म्हणाल्या. शनिवारी घेतलंस ते रविवारी दिलं नाहीस. एवढंच झालं आहे, आणि ते तुला स्वतःलाच कळलं म्हणून मी हे पत्र लिहितोय. ज्याला टोचत नाही त्याला मी पत्र लिहीत नाही.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. समोरचा राहिलेली चाल करायला मागे जायला मागतो तेव्हा मी बघतो की मधल्या वेळात टेबलावर नवीन काही कळलं आहे का. फासे पडले असतील, मी माझा बेत उघड केला असेल, एखादं युनिट मेलं असेल, तर मागे जाता येत नाही, आणि तसं स्पष्ट सांगायला मला संकोच वाटत नाही. पण फासे अजून मुठीत आहेत आणि माणसाला फक्त आठवण राहिली नाही, तर मी म्हणतो, आणा. स्मरणशक्तीची परीक्षा जिंकायला मी दोन हजार पॉइंटची आर्मी वर्षभर रंगवलेली नाही.

आता माझी गोष्ट. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझी ऑर्कची आर्मी होती, सव्वाशेच्या आसपास मॉडेल्स. एका स्पर्धेत मी एकेक मॉडेल सावकाश, नीट सरकवत बसलो. मनात काही कपट नव्हतं, मला तेवढा वेळ लागायचाच. त्या काळच्या नियमांत ऑब्जेक्टिव्ह (ताब्यात ठेवायच्या टेबलावरच्या जागा) डाव संपताना मोजायचे. वेळ संपली तेव्हा तीन टर्नही धड झाले नव्हते, मी ऑब्जेक्टिव्हवर बसलेलो होतो, आणि जिंकलो. समोरच्याची सगळी आर्मी शेवटच्या दोन टर्नसाठी बांधलेली होती. ते टर्न आलेच नाहीत. त्याने हात मिळवला, ‘वेल प्लेड’ म्हणाला आणि फोमच्या खाचांत एकेक मिनी ठेवायला लागला. फार हळू ठेवत होता. तो दोनशे मैल गाडी चालवून आला होता हे मला संध्याकाळी कळलं. त्याचे दोन तास मी खाल्ले होते. दुसऱ्या आठवड्यात मी बुद्धिबळाचं घड्याळ विकत घेतलं, आणि अजूनही तेच वापरतो. तीन तासांचे दीड-दीड. त्या माणसाची मी नंतर दोन वर्षं स्पर्धांमध्ये वाट पाहिली. तो परत दिसला नाही.

म्हणून तुला एक सवय सांगतो, आणि या पत्रातलं बाकी सगळं विसरलास तरी चालेल. फासे टाकण्याआधी बोल. मोठ्याने बोल. ‘‘हे पाच जण भिंतीच्या मागे ठेवतोय, तुमच्या रणगाड्याला दिसू नयेत असा माझा हेतू आहे, दिसत नाहीत ना?’’ समोरचा वाकून बघेल, हो म्हणेल किंवा ‘त्याचा पंख दिसतोय’ म्हणेल, मग तू अर्धा इंच सरकवशील. भांडण तिथेच संपलं. ‘‘माझं शूटिंग सुरू होतंय, तुमचं काही राहिलंय का? माझं राहिलं नाही.’’ चौथ्या राउंडला त्या गृहस्थांनी हे म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या टर्नला ‘‘रिझर्व्ह आणताय ना?’’ असं तूही विचारू शकला असतास. तुला माहीत होतं ते विसरलेत. मी मागून तुझी मान पाहिली, तू त्या पाच मॉडेल्सकडे बघत होतास.

या बोलण्याला लोक सभ्यता म्हणतात. ती आहेच, पण माझ्या अनुभवात त्याने खेळही सुधारतो. हेतू बोलून दाखवायचा तर आधी तो आपल्याला माहीत असावा लागतो. दुसऱ्या राउंडला तू ‘‘दोन्ही युनिट उतरवतोय, दोन्हींना नऊ हवेत, हातात एकच री-रोल आहे’’ असं मोठ्याने म्हणाला असतास, तर ते वाक्य तुझ्याच कानाला खटकलं असतं. तू एक युनिट तरी मागे ठेवलं असतंस. गप्प राहून खेळणारा माणूस समोरच्यापासून लपवता लपवता स्वतःपासूनही लपवतो.

आणि आपल्या टेबलावर दुसरं कोणी नसतं. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ नियमांसह छापला, तेव्हा दोन बाजूंच्या मध्ये एक पंच होता. खेळाडूंनी हुकूम लिहून द्यायचे, फासे आणि मोजमाप पंचाकडे. आपल्या हॉलमध्ये चाळीस टेबलांना दोन जज, तेही बोलावल्यावर येणार. म्हणजे पंचाचं काम आपण दोघांनी वाटून घेतलेलं आहे. त्याची मोजपट्टी मी धरतो, माझे पडलेले फासे तो मोजतो, वाकडा पडलेला फासा पुन्हा टाकायचा हे दोघांनी आधी ठरवायचं. सख्ख्या वैऱ्याच्या हातात आपला हिशेब द्यायचा, असा हा विलक्षण खेळ आहे, आणि मला तो यासाठीच आवडतो.

पाचव्या राउंडबद्दल मात्र मी तुझ्यावर थोडा नाराज आहे. चौथ्याचं ओझं घेऊन तू बसलास आणि सगळं देऊन टाकलंस. समोरच्या मुलीचा चार्ज अर्धा इंच कमी पडत होता, तू ‘इट्स फाइन’ म्हणालास. तिने दोनदा मागे जायला मागितलं, एकदा फासे पडल्यानंतरही, तू हो म्हणालास. चाळीस पॉइंटने हरलास. ही खिलाडूवृत्ती नव्हे. त्या मुलीने दोन दिवस खपून शेवटचा डाव गाठला होता, आणि तिच्यासमोर तू पूर्ण बसलाच नव्हतास. जाताना आवडता प्रतिस्पर्धी म्हणून तिने तुला मत दिलं असेल कदाचित. पण तिला खरा डाव मिळाला नाही. प्रायश्चित्त घ्यायचंच असेल तर ज्याचं देणं आहे त्याच्याकडे जाऊन घे.

वहीचं काय झालं? प्रत्येक डावानंतर चार ओळी लिहायचं ठरलं होतं. त्यात ‘नशीब’ हा शब्द आला की त्याच्या पुढे शक्यता टक्क्यांत लिही आणि तो निर्णय कोणत्या टर्नला घेतलास तेही. समोरच्याने केलेली एक चांगली गोष्ट लिही, नुसतं ‘छान माणूस’ नको, चाल लिही. पाणी किती प्यायलास हेही लिही, हसू नकोस, रविवारी तू दुपारपर्यंत एका सँडविचवर होतास. रंगकामाबद्दल मला काही म्हणायचं नाही. शंभरातले रंगवलेल्या आर्मीचे ते दहा पॉइंट तुझे कधीच जाणार नाहीत, तुझे लाल रंग माझ्याहून सरस आहेत.

तुझे बाबा आणि मी साताऱ्याला वाड्याच्या अंगणात दिवाळीचा किल्ला करायचो, तेव्हा मावळे कुंभाराकडून आणायचो आणि त्यांचे उडालेले रंग आम्ही पुन्हा देत असू. शेजारच्या आळीतली पोरं रात्री येऊन किल्ला पाडतील म्हणून राखणीला बसायचो. एका वर्षी त्यांचाच किल्ला पावसाने पडला, आणि आजीने आम्हाला आमच्याकडची उरलेली माती आणि सहा मावळे घेऊन तिकडे पाठवलं. आम्ही फार कुरकुर केली होती. पण तो किल्ला आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा बांधला, आणि मला आमच्यापेक्षा तोच जास्त आठवतो. का ते नेमकं सांगता येत नाही.

इथे बेलग्रेव्ह रोडवर दिवे लागलेत. शनिवारी ये, चकल्या झाल्या आहेत. येताना आर्मी आण आणि चौथ्या राउंडचा तो फोटो, तिसऱ्या टर्नच्या आधी तू फोनवर काढलेला. नेक्रॉनवाले गृहस्थ गुरुवारी आमच्या क्लबला असतात, मी त्यांना अजून काही बोललेलो नाही, ते तुझं तू कर. त्यांना विचार, फोटोप्रमाणे टेबल मांडून त्या टर्नपासून पुढे पुन्हा खेळायचं का, त्यांची पाच माणसं टेबलावर धरून. हॉलमधला निकाल तोच राहील, तो बदलायचा नाही. मी घड्याळ घेऊन येतो.

तुझा,
काका