कबड्डीत बहिणीचा गुडघा गेला, आता ती लॉन बोल्स म्हणते. या म्हाताऱ्यांच्या खेळात आंतरराष्ट्रीय करिअर होतं का?

होतं. हिरवळीवर जड चेंडू, म्हणजे बोल, घरंगळवत छोट्या जॅक नावाच्या चेंडूच्या जवळात जवळ थांबवायचा, असा हा खेळ. आणि ‘म्हाताऱ्यांचा खेळ’ हे आधी डोक्यातून काढा. हे दोन शब्द मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलेत, म्हणून लिहायला बसले.

मी सांगलीची, वेटलिफ्टर. बाविसाव्या वर्षी जर्क मारताना कोपर निखळला आणि खेळ सुटला. तेव्हा २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुलची तयारी चालू होती. भारत लॉन बोल्समध्ये पहिल्यांदाच उतरणार होता. माझ्याबरोबर लिफ्टिंग करणारी एक ताई म्हणाली, दुखापत झालेल्या मुलीही या खेळाकडे वळतायत, चल, बघून तर येऊ. दादा म्हणाला, ‘गोट्या खेळायला दिल्लीला जायचं?’ आई गप्प बसली. वर्षभरात माझं लग्न झालं.

२ ऑगस्ट २०२२ला नागपंचमी होती, मी माहेरी आले होते. तीनच दिवसांपूर्वी आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं बर्मिंगहॅम राष्ट्रकुलला वेटलिफ्टिंगमध्ये रौप्य घेतलं होतं, तेही कोपर दुखावलेला असताना. दादा टीव्हीसमोरून उठायला तयार नव्हता. दिंडं उकडायला ठेवून मी बाहेर आले, तर लॉन बोल्सच्या महिला फोर्सची, म्हणजे चौघींच्या संघाची, फायनल चालू. समोर दक्षिण आफ्रिका. आपण ८-२ पुढे होतो ते ८-१० मागे पडलो. तिथून पुढे एकही गुण दिला नाही, १७-१०. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि स्किप, म्हणजे कर्णधार, रूपा राणी तिर्की. चौघीही तिशी ओलांडलेल्या. नयनमोनी आधी वेटलिफ्टर होती, दुखापतीनंतर इकडे आली. रूपा राणी तुमच्या बहिणीसारखीच कबड्डीतली. मी दादाकडे बघितलं. तो काही बोलला नाही, आजवर बोललेला नाही.

ताकद लागत नाही म्हणणाऱ्यानं तेवीस मीटरवरच्या जॅकजवळ बोल थांबवून दाखवावा. बोल एका अंगाला झुकलेला असतो, वेग मंदावला की वळतो. किती वळेल ते हिरवळीवर आणि वाऱ्यावर ठरतं. वेटलिफ्टिंगचा बार उचलायच्या आधीचा तो स्थिर क्षण इथे प्रत्येक फेकीला लागतो, तोही तासन् तास.

पैशाचं म्हणाल तर खेळावर घर चालत नाही. २०२२च्या त्या पदकाच्या वेळी लव्हली झारखंड पोलिसात होती, पिंकी शाळेत क्रीडाशिक्षिका, नयनमोनी आसामच्या वनखात्यात. नोकरी हाच खरा आधार. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही, राष्ट्रकुल चार वर्षांतून एकदा. महाराष्ट्रात हिरवळी शोधूनच काढाव्या लागतील, त्यामुळे राज्याबाहेर राहायची वेळ येऊ शकते. तिथे ‘एकटी कशी राहील’ म्हणून अडवू नका. माझ्या वेळी गोट्यांच्या आड खरं कारण तेच होतं.

एक राहिलंच. बोल टाकताना पाऊल पुढे टाकून खाली वाकावं लागतं, सगळा भार पुढच्या गुडघ्यावर येतो. कुठला गुडघा गेलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना तो पवित्रा करून दाखवायचा आणि मग विचारायचं. पण तिला विचारू द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा.