दिवसभर नुसते ‘थ्री’ मारत बसते

“मॅडम, दिवसभर त्या करीचंच बघायलीय. अभ्यास गेला तो गेला, आता टीममधूनबी काढलंय.” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईने सुरुवात केली. मुलगी शेजारी बसून पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत होती. वय तेरा, इयत्ता आठवी. इथे तिला मनू म्हणू. नाव आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत.

वडिलांचं खताचं दुकान. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून बास्केटबॉलला घातलं, आता टीमच राहिली नाही तर गुण कुठून येणार? त्यापेक्षा नववीपासूनच क्लास लावून टाकू. लातूरमध्ये समुपदेशन करताना हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की मी ते मनातल्या मनात पूर्ण करते. आजीला तर घरात कढीवरून एवढं भांडण का पेटलंय, हेच कळत नव्हतं म्हणे.

ज्यांचा आजीसारखा घोळ होतोय त्यांच्यासाठी सांगते, स्टीफन करी हा अमेरिकेतल्या एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा खेळाडू. उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे तिथल्या मानाने बुटकाच. लांबच्या रेषेबाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, तोच थ्री. २०१५-१६च्या एका हंगामात या गड्याने असे ४०२ मारले. ती रेषा एनबीएत मधल्या भागात रिंगपासून ७.२४ मीटरवर असते, आंतरराष्ट्रीय नियमांत ६.७५ मीटरवर. करी तिच्याही बऱ्याच मागून टाकतो, आणि चेंडू रिंगमध्ये जायच्या आधीच पाठ फिरवतो. उंच नसलेल्या कितीतरी पोरांना त्याला बघूनच वाटलं असेल की हा खेळ आपलाही आहे. मनूही वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्यांतली.

पहिल्या भेटीत मी चुकले. ‘स्क्रीन टाइम’ असा शिक्का मारून मोकळी झाले आणि मोबाइल अर्ध्या तासावर आणला. दोन आठवड्यांनी आईचा फोन आला, मोबाइल सुटला, पण आता ती ग्राउंडवरही जात नाही. वडील खूश होते. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं नाही.

तेव्हा जे आधी करायला हवं होतं ते केलं. तिला म्हटलं, एक दिवस मला ग्राउंडवर ने. एप्रिल होता, सिमेंटचं कोर्ट, साडेपाच वाजले तरी खालून धग येत होती. मुली तिघीच, म्हणून सराव मुलांबरोबर. मनू थेट रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. चेंडू उजव्या कमरेपाशी नेला, गुडघे वाकवले आणि विहिरीतून भरलेली कळशी ओढावी तसा सगळ्या अंगाने वर भिरकावला. बोर्डाच्या खालच्या कडेवर आपटून तो परत आला. मुलं हसली. असे वीस मोजले, दोन पडले.

पण माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. चेंडू हवा म्हणून हात वर करायची, मात्र पाय रेषेच्या आत येत नव्हते. रिंगखाली मुलांची झोंबाझोंबी सुरू झाली की ही आणखी एक पाऊल मागे. घरी निघताना सहज विचारलं, “आत काय होतं गं?” ती हसली, आणि हसताना तोंडावर हात धरला. केबिनमध्येही ती असंच करायची. मी लाजाळूपणा समजले होते.

पुढच्या भेटीत तिने हात काढून दात दाखवला. समोरच्या दाताचा कोपरा उडालेला. दिवाळीच्या सुट्टीत एका मोठ्या मुलाचं कोपर लागलं होतं, मुद्दाम नव्हे. घरी सांगितलं होतं, सायकलवरून पडले. “खरं सांगितलं असतं तर खेळ बंद झाला असता ना.” करीचे व्हिडिओ तिने त्यानंतर बघायला घेतले. सात मीटरवर कोणाचं कोपर पोचत नाही!

लांबून खेळणाऱ्या ताऱ्यांचं वेड लागलेलं पोर आलं की आता मी आधी हे शोधते, की त्याला ती जागा का आवडली. कधी निव्वळ मजा असते, कधी टाळ्या. कधी जवळ जायची भीती असते आणि तिला एक छान नाव सापडलेलं असतं. मोबाइल काढून घेतला की नाव जातं, भीती तिथेच बसून राहते.

दुसरं कारण तिच्या सरांनी सांगितलं आणि ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मुलांबरोबर सराव म्हणून चेंडूही मुलांचा, सात नंबरचा. ६०० ग्रॅमच्या आसपास वजन. मुलींचा सहा नंबरचा त्याहून लहान आणि सत्तर-ऐंशी ग्रॅमने हलका असतो. एवढा जड चेंडू एवढ्या लांब पोचवायचा तर तेरा वर्षांचा हात कमरेपासूनच उचलणार. बारा वर्षांखालच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंगच ३.०५ऐवजी २.६० मीटरवर असते, चेंडू पाच नंबरचा, आणि तीन गुणांची रेषा नसते. ते उगीच नाही.

मनूला हे अपमानास्पद वाटलं. “लहान मुलांचा चेंडू?” म्हणून २०२४च्या फेब्रुवारीतली थ्री मारण्याची स्पर्धा तिच्यासोबत बसून पाहिली. करी विरुद्ध अमेरिकेतल्या महिलांच्या लीगमधली सब्रिना इओनेस्क्यू, दोघं एनबीएच्याच रेषेवरून. करीचे २९, तिचे २६. आणि तिच्या हातात महिलांचा सहा नंबरचा चेंडू. मनूने व्हिडिओ थांबवून चेंडूच बघितला.

तिने शेकडो व्हिडिओ पाहिले होते, पण करीची एक गोष्ट तिच्यापर्यंत आली नव्हती. शाळेत असताना तोही चेंडू खालूनच, कमरेजवळून टाकायचा. अकरावीच्या आधीच्या उन्हाळ्यात वडिलांनी, डेल करींनी, ते मोडायला लावलं. ते स्वतः एनबीएत खेळलेले. चेंडू कपाळाच्या वर न्यायचा, तिथून सोडायचा. अंगात एवढी ताकद नव्हती, त्यामुळे काही महिने पोराला लांबून टाकताच येईना. त्या सुट्टीत तो रडल्याचं त्याने स्वतः सांगितलंय. “रडला?” मनूने दोनदा विचारलं.

दाताचं तिने आईला स्वतः सांगितलं, माझ्यासमोर. आई आधी चिडली, मग गप्प झाली, मग डॉक्टरांकडून दातांवरचं गार्ड करून घेतलं. सरांनी तिघी मुलींना अर्धं कोर्ट आठवड्यातून तीन दिवस वेगळं दिलं आणि मनूला रिंगखाली हातभर अंतरावर उभं केलं. सहा नंबरचा चेंडू आणला वडिलांनी, कुरकुर करतच. मोबाइलवर हायलाइट्सऐवजी पूर्ण सामना बघायचा आणि चेंडू हातात नसताना करी किती वेळा पळतो ते वहीत मांडायचं, असं ठरलं. तिने मध्यंतरापर्यंत रेघा मारल्या आणि कंटाळून सोडून दिलं. “मॅडम, तो थांबतच नाही.”

दुकानदाराची मुलगी, हिशेब पक्का. शंभरातले तेहेतीस थ्री आणि शंभरातले पन्नास दोन-दोनचे जवळपास सारखेच, हे तिनेच मला आधी समजावलं होतं. जूनमध्ये तिने स्वतःचा हिशेब मांडला. लांबून विसात दोन म्हणजे सहा गुण. जवळून विसात अकरा म्हणजे बावीस. वही वडिलांपुढे ठेवली. ते म्हणाले, “मग बाहेर कशाला उभी राहायलीस?”

टीममध्ये ती अजून परतलेली नाही, आणि क्लासचा विषय दर पंधरा दिवसांनी निघतोच. सरावानंतर पाच-सात थ्रीही मारते, खालून, पूर्वीसारखेच. ते आम्ही कोणी थांबवलेले नाहीत. परवा आईचा फोन आला होता. मनू आत घुसली, धक्का लागला, पडली, फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायचे दोन चेंडू मिळाले, दोन्ही हुकले.

“कोपर सोलून आलीय,” आई म्हणाली. “विचारलं तर म्हणे, ग्राउंडवर पडले.”