तीन हजारांचा लाइव्ह डेटा आणि फुकटातली भावकॉपी

भांडुपहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. निफ्टीतल्या शेअरचा दुसऱ्या दिवशीचा कल सांगणारा प्रोग्रॅम तो प्रोजेक्ट म्हणून लिहितोय आणि त्यासाठी लाइव्ह डेटा फीडचे महिन्याला ३,००० रुपये मागतोय, सहा महिने. ‘द्यावेत का? की अभ्यासाच्या नावाखाली हा शेअर खेळतोय? आणि याचा पुढे नोकरीला काही उपयोग आहे का?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, तीन हजार देऊ नका. प्रोजेक्ट मात्र करू द्या.

प्रोग्रॅम जर उद्याचा कल सांगणार असेल, तर सेकंदासेकंदाला हलणारा भाव हवाय कशाला? बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं चालतो. निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांचा नुसता मिनिटामिनिटाचा भाव धरला तरी दिवसाला १८,७५० ओळी होतात, वर्षाला पंचेचाळीस लाखांच्या वर. एवढं साठवून शेवटी तो वापरणार काय, तर दिवसाचा बंद भाव! आणि तो फुकट मिळतो. एनएसई आणि बीएसई हे दोन्ही शेअर बाजार रोज व्यवहार संपल्यावर आपापल्या वेबसाइटवर भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची फाइल, टाकतात. प्रत्येक शेअरची एक ओळ, त्यात उघडला कितीला, वर-खाली कुठवर गेला, बंद कितीला झाला, किती शेअर हातोहात फिरले, सगळं. जुन्या तारखांच्या फाइलीही उतरवता येतात. फक्त जुलै २०२४मध्ये एनएसईने भावकॉपीचा साचा बदलला, त्यामुळे अलीकडच्या-पलीकडच्या फाइलींचे रकाने एकमेकांत बसत नाहीत. ते बसवायला त्याचे दोन रविवार जातील. जाऊ देत.

मागे एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला होता. त्याच्या प्रोग्रॅमने सांगितलं होतं की २८ ऑक्टोबर २०२४ला रिलायन्स एका दिवसात निम्म्यावर आला. शुक्रवारी २,६५५च्या आसपास, सोमवारी १,३३५च्या आसपास. पोरगा खूश, केवढी मोठी पडझड पकडली म्हणून! पडझड कसली, कंपनीने एकास एक बोनस दिला होता. शेअर दुप्पट झाले, भाव निम्मा झाला, भागधारकाच्या खिशातून काही गेलं नाही. भावकॉपीत त्या दिवशीचा खरा भाव असतो. मागचे भाव बोनस आणि स्प्लिटप्रमाणे (एका शेअरचे अनेक तुकडे केले त्याप्रमाणे) आपणच जुळवून घ्यायचे असतात. महागडा लाइव्ह फीड घेतला म्हणून ही अक्कल त्यासोबत येत नाही.

जुळवलेले भाव हवे असतील तर याहू फायनान्सवरून पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून ओढता येतात. एनएसईच्या शेअरच्या नावामागे डॉट एनएस लावायचं, बीएसईच्या मागे डॉट बीओ. पण ती वाट अधिकृत नाही. याहूने आपली अधिकृत सेवा २०१७मध्येच बंद केली, त्यामुळे एखाद्या सकाळी प्रोग्रॅम अचानक रुसतो. सबमिशनच्या आदल्या रात्री त्यावर विसंबू नये. आणि शेअरच हवेत असा हट्ट नसेल तर ॲम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेच्या वेबसाइटवर सगळ्या फंडांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, रोज एका साध्या टेक्स्ट फाइलीत मिळते. सुरुवातीला हात बसायला ती उत्तम.

मिनिटाचे भाव खरोखर लागलेच, तर ब्रोकरची एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमला थेट ब्रोकरच्या यंत्रणेशी बोलू देणारी सोय, घ्यावी. एंजल वनच्या स्मार्टएपीआयला फी नाही, झिरोधाच्या काइट कनेक्टला महिन्याला ५०० रुपये पडतात. तीन हजारांची गोष्ट इथेच संपली.

आता तुमची खरी काळजी. या एपीआयसाठी डिमॅट आणि ट्रेडिंग खातं लागतं, आणि ज्या खात्यातून भाव येतो त्याच खात्यातून ऑर्डरही जाते. म्हणून खातं त्याच्याच नावाने उघडा, तुमच्या पॅनवर नको. त्यात पैसे ठेवू नका आणि फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे पुढच्या भावावर सौदे लावण्याचा, विभाग सुरूच करू नका. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये सांगितलं होतं की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या विभागातल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. मुलाला ट्रेडिंग करायचंच असेल तर त्याने सरळ तसं सांगावं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

एक व्यवहाराची गोष्ट त्याच्या कानावर घाला. गिटहब या कोड सगळ्यांना दाखवायच्या वेबसाइटवर कोड ठेवायचा, डेटा नाही. एक्स्चेंजचा डेटा असा वाटायला परवानगी लागते. आणि एपीआयची की, म्हणजे तिचा गुप्त सांकेतिक क्रमांक, तर चुकूनही नाही. ती घराची किल्लीच समजा.

नोकरीचं म्हणाल तर सेकंदाच्या हजाराव्या भागात सौदे करणाऱ्या कंपन्या मोजकी मुलं घेतात, त्या भरवशावर राहू नये. पण एक्स्चेंज, शेअर डिमॅटमध्ये सांभाळणाऱ्या दोन्ही डिपॉझिटरी, बरेच ब्रोकर आणि फंड हाउस यांची मुख्यालयं मुंबईतच दाटीने आहेत आणि तिथे रोजचं काम भाव ताडून पाहणं, फाइली जुळवणं, चुका शोधणं हेच असतं. भावकॉपीशी सहा महिने झटापट केलेला मुलगा मुलाखतीत बोलू शकतो. वाटलं तर सोबत एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची एखादी परीक्षा द्यावी. शुल्क या फीडपेक्षा बरंच कमी.

पैशांचा विषय पुन्हा निघाला तर त्याला एवढंच विचारा: ‘तुझ्या यादीत झोमॅटो एप्रिल २०२५नंतर एकदम कुठे गायब होतो?’ डेटा खराब आहे म्हणाला तर आणखी महिनाभर भावकॉपीवरच राहू दे. कंपनीचं नाव इटर्नल झालं, चिन्ह बदललं, म्हणून मी नावाऐवजी आयएसआयएनने, म्हणजे शेअरच्या ओळख क्रमांकाने, ओळी जोडतो, असं म्हणाला तर ते ५०० रुपये द्या.