शीड अर्ध्यावर अडते तेव्हा

होडीचे शीड चढवताना अर्ध्यावर अडले की जोर लावून दोर ओढण्याचा मोह होतो. तो आपण कटाक्षाने टाळावा, कारण त्याने दोष सापडत नाही, शिडाची शिवण मात्र उसवू शकते. प्रथम नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, नीट वाऱ्याकडे वळवावी आणि शिडाखालच्या आडव्या दांड्याचा दोर सैल सोडावा, म्हणजे शिडात वारा भरून त्याची कड डोलकाठीच्या ज्या खाचेतून वर सरकते तिच्यात दाबली जाणार नाही. तरीही अडत असेल, तर किनाऱ्यावर शीड सोडून घ्यावे, ते चढवण्याच्या दोराच्या टोकाला बारीक दोरी बांधावी (ती विसरल्यास टोक डोलकाठीच्या माथ्यावर जाऊन बसते) आणि दोर रिकामाच वरखाली करून पाहावा. तोही जड जात असेल तर माथ्यावरची कप्पी तपासावी. हलका जात असेल तर दोष खाचेत आहे. ठाण्याच्या खाडीत खाऱ्या पाण्याच्या जोडीला बारीक गाळही असल्यामुळे, माझ्या अनुभवात बहुधा खाचच दोषी ठरते. ती गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी आणि मगच कोरडा सिलिकॉन स्प्रे मारावा. ग्रीस मात्र कधीही लावू नये, कारण त्याला गाळाचे कण चिकटून खाच पूर्वीपेक्षा अधिक अडते.